विचारांचे बीजगणित मांडणारा शाळामास्तर : जॉर्ज बूल

विद्यार्थिमित्रहो, आपल्या प्रशालेच्या संगणक कक्षात नव्याने पाऊल टाकणारा विद्यार्थी आरंभीच्या दिवसांत जे धडे गिरवितो, त्यांत ‘जर-तर’चा धडा महत्त्वाचा असतो. काळ्या पडद्यावर एक प्रश्न उमटावा, समोर बसलेल्याने कळफलकावरून आपले गुण भरावेत आणि यंत्राने ते पाहून ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ असा शब्द दाखवावा, एवढेच त्या छोट्याशा आज्ञावलीचे काम. तोवर यंत्र सांगितलेल्या आज्ञा एकामागून एक मुकाट्याने पार पाडीत आलेले असते. येथे प्रथमच त्याच्यापुढे दोन वाटा फुटतात. अट खरी ठरली तर एक वाट, खोटी ठरली तर दुसरी. अटीचे जे उत्तर येते, म्हणजे खरे अथवा खोटे, त्या प्रकारच्या मूल्याला अनेक संगणकभाषांतून ‘बूलियन’ असे नाव आहे. पुष्कळांना हा शब्द यंत्रशास्त्रातील एखादी अवघड संज्ञा वाटतो. वस्तुतः ते एका माणसाच्या नावावरून आलेले विशेषण आहे. विजेचा दिवा घरोघरी पोहोचण्यापूर्वीच तो माणूस हे जग सोडून गेला. कोणत्याही विश्वविद्यालयाची पदवी त्याने मिळविली नव्हती, आणि त्याच्या तारुण्याची अनेक वर्षे लहान मुलांना शिकविण्यात गेली होती. त्या जॉर्ज बूल यांचे चरित्र आपणांस सांगावे, हा या लेखाचा हेतू आहे.

जॉर्जचा जन्म इंग्लंडमधील लिंकन या गावी २ नोव्हेंबर १८१५ रोजी झाला. त्याचे वडील जॉन बूल हे जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत. आई लग्नापूर्वी एका श्रीमंत घरी बाईसाहेबांच्या सेवेस होती. चार भावंडांत जॉर्ज सर्वांत वडील. वडिलांचे हात कातड्यावर चालत, पण मन मात्र भिंगांत आणि ग्रहताऱ्यांत गुंतलेले असे. त्यांनी स्वतः दुर्बीण तयार केली होती, आणि ज्याला आकाशाचे दर्शन घ्यावयाचे असेल त्याने भक्तिभावाने यावे व या दुर्बिणीतून पाहावे, असे जाहीर आमंत्रण त्यांनी दुकानात लावले होते. असा दुकानदार गिऱ्हाइकांना कितपत सांभाळीत असेल, याची कल्पना सहज करता येईल. धंदा खालावत गेला, परंतु मुलाला मात्र ज्ञानाची गोडी लागली.

प्राथमिक शाळेपलीकडे जॉर्जला फारसे शिक्षण मिळाले नाही. वडिलांच्या ओळखीच्या एका पुस्तकविक्रेत्याने त्याला लॅटिन भाषेचे आरंभीचे पाठ दिले. ग्रीक भाषा तो आपली आपणच शिकला. वयाच्या चौदाव्या वर्षी त्याने एका प्राचीन ग्रीक कवितेचे इंग्रजी पद्यात भाषांतर केले, आणि वडिलांनी मोठ्या अभिमानाने ते गावच्या वर्तमानपत्रात छापविले. त्यावर एका शाळामास्तराने जाहीर शंका घेतली की, एवढ्या लहान मुलाच्या हातून हे काम होणे शक्यच नाही. मुलाच्या मनाला ही गोष्ट लागली असणार, पण तो खचला नाही. पुढे फ्रेंच, जर्मन आणि इटालियन या भाषाही त्याने अशाच स्वकष्टाने आत्मसात केल्या.

१८३१ साली, जॉर्ज अवघा सोळा वर्षांचा असताना, वडिलांचा धंदा बसला आणि आईवडील व भावंडे यांचा भार त्याच्यावर येऊन पडला. डोनकास्टर येथील एका शाळेत त्याने साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली. पगार तुटपुंजा होता, तेव्हा पुस्तके विकत घेताना विचार करावा लागे. गणिताचे एक पुस्तक वाचून संपविण्यास साहित्याच्या कितीतरी पुस्तकांइतका काळ लागतो, म्हणून तेच स्वस्त पडते, असा हिशेब त्याने केला असे सांगतात. गरिबीने काढलेल्या त्या हिशेबातूनच जगाला एक गणिती लाभला. पुढे रविवारच्या पवित्र दिवशीही हा तरुण गणिते सोडवितो, अशी तक्रार झाली व त्या शाळेतील त्याची नोकरी गेली, असेही त्याचे चरित्रकार लिहितात.

डोनकास्टरच्या त्या दिवसांतील एक प्रसंग त्याच्या पत्नीने पुढे नमूद करून ठेविला आहे. १८३३ च्या आरंभी, सतरा वर्षांचा जॉर्ज एकटाच एका शेतातून चालला असता, त्याच्या मनात एकाएकी एक कल्पना चमकून गेली. संख्यांचे परस्परसंबंध जसे बीजगणिताच्या अक्षरांनी मांडता येतात, तसेच माणसाच्या विचारांचे संबंधही का मांडता येऊ नयेत? ही कल्पना पुस्तकात उतरावयास चौदा वर्षे लागली.

१८३४ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्याने लिंकन येथे स्वतःची शाळा उघडली. पुढील पंधरा वर्षे बूल यांनी शाळाच चालविल्या. दिवसा मुलांना शिकवावे, त्यांच्या वह्या तपासाव्यात, घरखर्चाचा मेळ घालावा, आणि रात्री लाग्रांज, लाप्लास अशा फ्रेंच गणितज्ञांचे ग्रंथ उघडून बसावे, असा त्यांचा क्रम होता. गावात नुकतीच कारागिरांसाठी एक शिक्षणसंस्था निघाली होती. तेथील ग्रंथसंग्रहाचा त्यांनी उपयोग केला, आणि १८३५ साली न्यूटनच्या कार्यावर तेथे व्याख्यानही दिले. दुकानांतून राबणाऱ्या नोकरांच्या कामाचे तास कमी व्हावेत, त्यांना वाचनास व विश्रांतीस वेळ मिळावा, यासाठी चाललेल्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला. शिकण्याची इच्छा आहे पण सवड नाही, या अवस्थेचे दुःख त्यांना परके नव्हते.

१८४० च्या सुमारास केंब्रिजच्या गणितविषयक नियतकालिकात त्यांचे लेख प्रसिद्ध होऊ लागले. संपादक डंकन ग्रेगरी यांनी या अपरिचित शाळामास्तराची योग्यता ओळखली. केंब्रिजला जाऊन रीतसर पदवी घ्यावी, असा विचारही बूल यांच्या मनात येऊन गेला. परंतु शाळा बंद केली तर वृद्ध आईवडिलांनी काय खावे, हा प्रश्न होता. त्यांनी तो विचार सोडून दिला. १८४४ साली त्यांच्या एका निबंधाबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक अर्पण केले. गणितासाठी त्या संस्थेने दिलेले ते पहिलेच सुवर्णपदक होते.

१८४७ साली तर्कशास्त्राविषयी दोन विद्वानांमध्ये मोठा वाद पेटला. एका बाजूस स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन होते, तर दुसऱ्या बाजूस गणिती ऑगस्टस डी मॉर्गन. या डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ साली आपल्याच देशात, दक्षिणेतील मदुराई येथे झाला होता, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या वादाच्या निमित्ताने बूल यांच्या मनातील जुनी कल्पना पुन्हा जागी झाली आणि त्यांनी तर्कशास्त्राच्या गणिती मांडणीवर एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. १८५४ साली निघालेल्या ‘विचारांचे नियम’ या विषयावरील मोठ्या ग्रंथात त्यांनी तिचा विस्तार केला.

ही कल्पना समजून घेणे आपल्यापैकी कोणासही कठीण नाही. ‘क’ या अक्षराने आपल्या वर्गातील मराठीत उत्तीर्ण झालेल्या मुलांचा समूह दाखवू, आणि ‘ख’ या अक्षराने गणितात उत्तीर्ण झालेल्यांचा. संपूर्ण वर्ग म्हणजे १, आणि कोणीच नाही म्हणजे ०. आता दोन्ही विषयांत उत्तीर्ण झालेली मुले म्हणजे क × ख. मराठीत अनुत्तीर्ण झालेली मुले म्हणजे १ − क. मग क × क म्हणजे काय? मराठीत उत्तीर्ण झालेल्यांतून पुन्हा मराठीत उत्तीर्ण झालेले निवडले, तर तीच मुले हाती येणार. म्हणून क × क = क. नेहमीच्या अंकगणितात हा नियम किती संख्यांना लागू पडतो ते पाहा. दोनाला पडत नाही, कारण दोन दुणे चार होतात. पाचाला पडत नाही. तो केवळ ० आणि १ या दोनच संख्यांना लागू पडतो. तेव्हा ज्या अंकगणितात ० आणि १ एवढेच अंक आहेत, ते विचारांचे अंकगणित होय, हे बूल यांच्या ध्यानात आले. त्याच नियमापासून क × (१ − क) = ० हे सूत्र निघते. त्याचा अर्थ असा की, मराठीत उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण असा एकच विद्यार्थी एकाच वेळी असू शकत नाही. तर्कशास्त्राचे जे तत्त्व ॲरिस्टॉटलच्या काळापासून शब्दांत सांगितले जात होते, ते या शाळामास्तराने अर्ध्या ओळीच्या समीकरणात सिद्ध करून दाखविले.

संगणक कक्षातील आपल्या अटी याच बीजगणिताने चालतात, आणि नवशिक्याच्या पुष्कळशा चुकाही येथेच होतात. मराठी व गणित या दोन्ही विषयांत ३५ गुण मिळाले तरच विद्यार्थी उत्तीर्ण, असा नियम असल्यास ‘मराठीचे गुण ३५ किंवा अधिक आणि गणिताचे गुण ३५ किंवा अधिक’ अशी अट आपण लिहितो. आता अनुत्तीर्णाची अट कोणती? घाईने लिहिणारा ‘मराठीत ३५ हून कमी आणि गणितात ३५ हून कमी’ असे लिहून मोकळा होतो, आणि एकाच विषयात नापास झालेला मुलगा कोणत्याच वाटेला लागत नाही. बरोबर अट ‘मराठीत कमी किंवा गणितात कमी’ अशी आहे. ‘आणि’चा नकार केला की ‘किंवा’ येतो, आणि ‘किंवा’चा नकार केला की ‘आणि’ येतो. हा नियम त्याच मदुराईत जन्मलेल्या डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो.

आपली रोजची भाषाही येथे फसविते. आठवी आणि नववीच्या विद्यार्थ्यांनी पटांगणात जमावे, अशी सूचना निघाली की दोन्ही वर्ग जमतात. परंतु ‘इयत्ता आठवी असेल आणि इयत्ता नववी असेल, तर जमावे’ अशी अट संगणकास दिली, तर पटांगणात एकही मूल दिसणार नाही, कारण दोन्ही इयत्तांत एकाच वेळी शिकणारा विद्यार्थी कोठून आणावयाचा? तेथे ‘किंवा’ हवा. अटींच्या क्रमाचेही तसेच आहे. ‘३५ किंवा अधिक असल्यास उत्तीर्ण, नाहीतर ६० किंवा अधिक असल्यास प्रथम श्रेणी, नाहीतर ७५ किंवा अधिक असल्यास विशेष प्रावीण्य’ असे लिहिले, तर ९० गुण मिळविणाराही पहिल्याच वाटेने जाऊन नुसता उत्तीर्ण ठरेल. खालच्या अटी त्याच्यापर्यंत कधी पोहोचणारच नाहीत. म्हणून सर्वांत कठीण अट प्रथम तपासावयाची. आणि ‘३५ किंवा अधिक’ याऐवजी ‘३५ हून अधिक’ असे चुकून लिहिले गेले, तर ज्याने रात्र रात्र जागून नेमके ३५ गुण मिळविले, तो अनुत्तीर्ण होईल. यंत्राला त्याची दया येणार नाही, कारण यंत्राने काहीच ठरविलेले नसते. सारे काही अट लिहिणाऱ्याने आधीच ठरवून ठेविलेले असते.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. १८४९ साली आयर्लंडमध्ये कॉर्क येथे नवे महाविद्यालय सुरू झाले. भयंकर दुष्काळाने तो देश नुकताच होरपळून निघाला होता. तेथील गणिताच्या पहिल्या प्राध्यापकाच्या जागेवर पदवी नसलेल्या बूल यांची नेमणूक झाली. पदवी नसेल तर प्राध्यापकपद नाही, एवढी एकच अट लावली असती, तर हा माणूस दारातूनच परत गेला असता. निवड करणाऱ्यांनी पदवीऐवजी त्यांचे कार्य पाहिले. जन्मभर ज्यांनी दुर्बिणीचे वेड सांभाळले, ते वडील मात्र हा दिवस पाहण्यास उरले नव्हते. त्यांचे निधन आदल्याच वर्षाच्या अखेरीस झाले होते.

कॉर्क येथे बूल यांनी पंधरा वर्षे अध्यापन केले. १८५५ साली मेरी एव्हरेस्ट हिच्याशी त्यांचा विवाह झाला. हे आडनाव आपल्या परिचयाचे आहे. भारताचे सर्वेक्षक-प्रमुख सर जॉर्ज एव्हरेस्ट यांची ती पुतणी. त्यांचेच नाव पुढे १८६५ साली जगातील सर्वोच्च शिखरास देण्यात आले. मेरी स्वतः बुद्धिमान होती. पतीच्या लेखनात तिचे साहाय्य असे, आणि मुलांना गणित कसे शिकवावे या विषयावर तिने पुढे स्वतंत्र लेखनही केले. आपल्या काकांच्या द्वारे भारतीय तत्त्वविचार इंग्लंडच्या गणितज्ञांपर्यंत पोहोचला आणि त्याचा परिणाम आपल्या पतीच्या कार्यावरही झाला, असे तिचे मत होते. १९०१ साली जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून लिहिलेल्या निबंधात तिने ते मांडले आहे. हे मत सिद्ध झालेले आहे असे म्हणता येणार नाही, पण ते मांडणारी व्यक्ती बूल यांना सर्वांत जवळून ओळखीत होती, हेही विसरता येत नाही.

१८६२ साली लंडन येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात बूल यांची चार्ल्स बॅबेज यांच्याशी भेट झाली. एकाने विचारांचे बीजगणित रचले होते, तर दुसऱ्याने गणन करणाऱ्या यंत्राचा ध्यास घेतला होता. आजच्या संगणकाचे दोन पूर्वज त्या दिवशी समोरासमोर उभे होते. परंतु या दोन कल्पनांचे मीलन घडून येण्यास आणखी पाऊणशे वर्षे जावयाची होती.

नोव्हेंबर १८६४ मध्ये एके दिवशी बूल नेहमीप्रमाणे घरून महाविद्यालयाकडे पायी निघाले. अंतर सुमारे तीन मैलांचे होते, आणि पाऊस मुसळधार कोसळत होता. व्याख्यान ठरलेले होते, विद्यार्थी वाट पाहत असतील, म्हणून ते थांबले नाहीत. ओलेचिंब कपडे अंगावर असतानाच त्यांनी तास घेतला. त्यातून ताप आला, फुप्फुसांना विकार जडला, आणि ८ डिसेंबर १८६४ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, या शिक्षकाने देह ठेविला. मागे पत्नी व पाच मुली होत्या. सर्वांत धाकटी अवघ्या सात महिन्यांची होती.

त्या माउलीने लंडनला जाऊन स्त्रियांच्या एका महाविद्यालयात ग्रंथपालाचे काम पत्करले व मुलींना वाढविले. मुलीही बापाच्या नावास शोभतील अशाच निघाल्या. ॲलिशियाने रीतसर शिक्षण नसतानाही चतुर्मिती भूमितीत मोलाची भर घातली, ल्यूसी रसायनशास्त्रज्ञ झाली, आणि सात महिन्यांची असताना पोरकी झालेली एथेल ‘द गॅडफ्लाय’ या गाजलेल्या कादंबरीची लेखिका म्हणून जगास माहीत झाली.

बूल यांचे बीजगणित दीर्घकाळ तत्त्वज्ञ आणि गणिती यांच्याच चर्चेत राहिले. अन्य विद्वानांनी त्याला आजचे सुटसुटीत रूप दिले. त्याचा प्रत्यक्ष यंत्रांशी असलेला संबंध १९३७ साली क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात विशद केला. विजेच्या एकाच तारेवर एकापुढे एक अशी दोन बटणे असली, तर दिवा लागण्यास पहिले आणि दुसरे अशी दोन्ही दाबावी लागतात. पुढच्या व मागच्या दाराची दोन बटणे एकाच घंटेस स्वतंत्र तारांनी जोडलेली असली, तर पहिले किंवा दुसरे दाबून भागते. ‘आणि’ व ‘किंवा’ हे शब्द तारांनी लिहिता येतात! मग काय, बूल यांचे ० आणि १ हे बंद व चालू बटणांच्या रूपाने यंत्राच्या पोटात जाऊन बसले. १९५७ साली आलेल्या फोर्ट्रान या भाषेत संख्या ऋण, शून्य की धन आहे हे पाहून तीन वाटांना जाण्याची सोय होती. १९६० च्या अल्गोल भाषेत ‘जर-तर-नाहीतर’ ही आज आपण शिकतो ती वाक्यरचना आली, आणि खऱ्या-खोट्या मूल्यांना बूल यांचेच नाव देण्यात आले.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रातून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. साधने अपुरी असली तरी शिकणे थांबविण्याचे कारण नाही, ही पहिली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी संगणक नसेल, परंतु ‘क’ आणि ‘ख’ लिहून अट तपासण्यास कागद व पेन्सिल पुरते. बूल यांच्यापाशीही त्याहून अधिक काही नव्हते. दुसरी गोष्ट अशी की, उद्या तुम्ही लिहिलेल्या एखाद्या अटीवर कोणाचा प्रवेश, कोणाची शिष्यवृत्ती, कोणाचे निवृत्तिवेतन अवलंबून राहील. ती अट लिहिताना सीमेवर उभ्या असलेल्या माणसाचा विचार प्रथम करा. नेमके ३५ गुण मिळविणारा मुलगा आणि पदवी नसलेला शाळामास्तर, हे दोघेही त्या सीमेवरच उभे असतात.